जावयाचं रुसणं, लेकीचं मागणं

सोमेश्वरला रुसता येत नव्हतं, सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

अंबाजोगाईहून गाडी निघाल्यापासून सत्यशीला त्याला शिकवत होती. तोंड पाडायचं, ताटाकडं बघायचं नाही, कोणी काही विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं. पण असं म्हणायचं, की समोरच्याला कळलं पाहिजे, काहीतरी आहे. सोमेश्वर स्टिअरिंग धरून 'काही नाही' म्हणून बघायचा आणि ते इतकं खरं वाटायचं, की ऐकणाऱ्यानं निश्चिंत होऊन पुढच्या कामाला लागावं. केज येईपर्यंत तिनं त्याला पुन्हा पुन्हा रुसायला लावलं आणि शेवटी कपाळाला हात लावला. भारताच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत उभी राहून जिनं भल्याभल्यांना पुढं सरकू दिलं नव्हतं, त्या बाईला स्वतःच्या नवऱ्याला एक साधा राग शिकवता येईना.

"अगं, पण मला राग आलेलाच नाही," तो म्हणाला.

"आलेला नसताना दाखवायचा असतो. त्यालाच जावई म्हणतात."

धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी एकदा हा जादाचा महिना येतो आणि मराठवाड्यातल्या तमाम जावयांचं नशीब फळफळतं. पुरण भरलेले उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, तेहतीस अनारशांचं ताट, कपडे, जमलं तर सोनं. नेकनूरला सत्यशीलाच्या वडिलांच्या, गहिनीनाथांच्या घरात यावर आणखी एक रीत होती. जावयानं ताटाला हात लावायच्या आधी रुसायचं, सासऱ्यानं काय पाहिजे ते विचारायचं, आणि जावई मागेल ते घरानं ऐपतीप्रमाणे द्यायचं. मात्र एकदा का घास तोंडात गेला, की रुसणं संपलं. मग नुसतं जेवायचं. गहिनीनाथांनी स्वतः सासऱ्याकडून रुसून म्हैस आणली होती आणि तिची वंशावळ ते अजून सांगत असत. सोमेश्वर मात्र मागच्या धोंड्यात सासऱ्यानं 'बसा' म्हणायच्या आत पहिला धोंडा संपवून मोकळा झाला होता. तेव्हापासून सासूबाई विमलबाई गावभर सांगत होत्या, की आमचे जावई म्हणजे गाय.

या गायीकरवी आज सासऱ्याचं रोडलगतचं शेत, 'रोडचं रान', मागून घ्यायचं होतं.

आता सत्यशीलाला रान कशाला पाहिजे, तर मैदानाला. खेळत होती तोवर तिला फक्त आपले पाय सांभाळायचे होते. ते पायही कसले, काठमांडूपासून ताश्कंदपर्यंत धावून आलेले. तिशी उलटताना गुडघ्यानं दगा दिला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरनं सांगितलं की चालायला काही हरकत नाही. फुटबॉलवाल्या बाईला चालायला काही हरकत नाही हे सांगणं म्हणजे गवयाला बोलायची परवानगी देणं. घरात दार लावून ती मनसोक्त रडली, आणि मग कोच झाली. परीक्षा दिल्या, कोचचं लायसन्स काढलं. लेकीला लायसन्स मिळालं असं विमलबाईंनी सगळीकडं सांगितलं. मग ती गाडी का चालवत नाही, जावईच का चालवतात, हे मात्र बायकांना समजावता समजावता त्यांची पुरेवाट झाली.

मोठ्या शहरांतल्या क्लबांनी बोलावलं, तर ही गेली नाही. सोमेश्वर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात लॅब टेक्निशियन होता, म्हणून थांबली असं लोक म्हणत. खरं म्हणजे ती थांबली होती नेकनूरच्या गायरानावरच्या पोरींसाठी. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत ती त्यांना शिकवायला यायची. काटक पोरी, उन्हाची पर्वा नसलेल्या, आणि पळायला लागल्या की धूळ मागं राहायची. पावसाळाभर टीम घडायची आणि दसरा झाला की मोडायची. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर निघायचे, पोरी मागं कोणाजवळ ठेवायच्या? त्याही ट्रॅक्टरमध्ये बसायच्या. मागल्या साली जिल्ह्याच्या फायनलला सत्यशीला आठ पोरी घेऊन उतरली होती. त्या आठ जणी हरल्यावर रडल्या, पण तिला आठवत राहिल्या त्या न आलेल्या. त्यातली एक तर कर्नाटकातल्या फडातून फोन करून 'मॅडम, काय झालं' विचारत होती.

रोडच्या रानात जुनी पत्र्याची शेड होती, बोअर होता, सपाट जमीन होती. तिथं मैदान आखायचं, शेडमध्ये पोरींची राहायची सोय करायची, आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आपण स्वतः त्यांच्यासोबत राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. सोमेश्वरची तयारी होती. सहा महिने खिचडी खाईन म्हणाला होता, कारण त्याला तेवढीच येत होती.

मग बापाला सरळ का मागितलं नाही? तर त्याला कारण होतं. लेकीनं जमीन मागितली की तिला वाटा म्हणतात, आणि वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही. तालुक्यात अशा बहिणी होत्या. त्यांची राखी पोस्टानंच यायची आणि पोस्टानंच परत जायची. जावयानं रुसून घेतलेलं मात्र कोणी वाटा म्हणत नाही, त्याला कौतुक म्हणतात. कोचनं विचार करून काढलेली चाल होती. फक्त जो गडी पुढं काढला होता, त्याला पळता येत नव्हतं.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीत ना?" नेकनूरची वेस आली तशी तिनं विचारलं.

"चहासुद्धा नाही. तूच म्हणालीस."

"बरोबर. उपाशी माणूस आपोआप रागावलेला दिसतो."

इथं कोच चुकली होती, पण ते कळायला अजून तासभर अवकाश होता.

अंगणात अंगद फोनवर बोलत उभा होता. सत्यशीलाचा हा थोरला भाऊ. पंचायत समितीवर एकदा निवडून आलेला, एकदा पडलेला, आणि आता जिल्हा परिषदेकडं डोळे लावून बसलेला. आवाज मोठा, मनही मोठं. नुसतं तोंडानंच मोठं बोलतो असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नव्हती. बहीण पहिल्यांदा परदेशात खेळायला गेली तेव्हा त्यानं चौकात भलामोठा बॅनर लावला होता. त्यावर स्वतःचा फोटो डोक्याएवढा आणि बहिणीचा लिंबाएवढा होता, हा भाग वेगळा.

"या कोच," तो फोन बाजूला धरून म्हणाला. "टीम कुठाय?"

"गाडी लावतीय."

अंगदनं सोमेश्वरला मिठी मारली आणि त्याच दमात रोडच्या रानाची गोष्ट काढली. तिथं मंगल कार्यालय बांधायचं पक्कं झालं होतं. महिना मलमास, म्हणून नारळ तेवढा राहिला होता. हा महिना सरला की भूमिपूजन. स्टेज कुठं, जेवणाचा हॉल कुठं, गाड्या कुठं लागणार, सगळं त्यानं हवेत बोट फिरवून दाखवलं. सोमेश्वर ऐकत होता आणि मान डोलावत होता. एकदा तर तो 'छान' म्हणाला. सत्यशीलानं त्याला मागून चिमटा काढला, तेव्हा कुठं त्याला आपण रुसायला आलोय याची आठवण झाली.

स्वयंपाकघरात सुनिता धोंडे वळत होती. नणंद-भावजयीचं कधी जमतं का, असं लोक विचारतात. इथं जमलं होतं आणि त्याला मंगल कार्यालयच कारणीभूत होतं. अंगदची बायको म्हणून सुनिताला पुढचं सगळं आत्ताच दिसत होतं. कार्यालयात लग्न लागणार, आणि तिथून वऱ्हाडातले पाहुणे, त्यांचे पाहुणे, पुढाऱ्यांचे ड्रायव्हर, सगळे चहाला हिच्या दारात येणार.

"मांडव त्यांचा अन् चहा माझा," ती हळूच म्हणाली. "ताई, तुमच्या पोरी परवडल्या. त्या निदान पाणी तरी आपल्या हातानं घेतील. जमंल ना पण दाजींना?"

"जमेल," सत्यशीला म्हणाली. खेळाडूवर विश्वास नसला तरी तसं म्हणायचं नसतं.

विमलबाई चुलीशी बसून दोघींकडं बघत होत्या. तुपाची वाटी लेकीच्या हातात देताना म्हणाल्या, "जे काय चाललंय ते जेवणं झाल्यावर करा गं." त्या माउलीला सगळं कळलेलं होतं, आणि तिला पोरगीही सोडवत नव्हती आणि पोरगाही, दोन्हीकडं जीव ओढत होता.

पाट मांडले. रांगोळी झाली. सोमेश्वरला औक्षण झालं, खांद्यावर नवा टॉवेल आला, अनारशांचं ताट पुढं आलं आणि त्यावर दिवा लागला. गहिनीनाथ समोर बसले, शेजारी अंगद. दोघी बायका वाढायला उभ्या. ताटात तीन धोंडे, वाफा निघत असलेले. सत्यशीलानं वरून तूप सोडलं आणि ते पुरणाच्या कडेनं खाली उतरलं.

सोमेश्वरनं तोंड पाडलं. पाडलं म्हणजे खरंच पाडलं. गाडीत जे एकदाही जमलं नव्हतं ते इथं पहिल्या फटक्यात जमलं. मान खाली, हात मांडीवर. अंगद तर खूशच झाला. गाय रुसली म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली, आणि मागा दाजी, मोटारसायकल मागा, साखळी मागा, लाजू नका म्हणाला. गहिनीनाथांनी चष्मा पुसला आणि जावयाकडं नीट बघितलं. असा मोका तीन वर्षांनी येतो. त्यांनी घसा साफ केला, आणि रीतीप्रमाणे विचारायला तोंड उघडलं.

सत्यशीलानं श्वास धरला होता. तिला नवऱ्याचा चेहरा बाजूनं दिसत होता आणि तिथं जे चाललं होतं ते तिच्या उशिरा लक्षात आलं. तो राग नव्हता. ती भूक होती. मान खाली होती कारण ताट खाली होतं. सासऱ्याच्या तोंडातून 'जावईबापू' एवढं निघतंय तोवर सोमेश्वरचा हात, त्याला स्वतःलाही न विचारता, मांडीवरून उठला, धोंड्याचा लचका तोडला आणि तुपात बुडवून तोंडात घातला.

मग त्याच्या लक्षात आलं. तोंड भरलेलं, डोळे मोठे. त्यानं बायकोकडं बघितलं. गिळावं की काढावं, कळेना. शेवटी गिळलं.

घर हसायला लागलं ते थांबेना. विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. अंगदच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनिता हसता हसता नणंदेकडं बघत होती, आणि बघता बघता तिचं हसू बारीक झालं. कारण सत्यशीलासुद्धा हसत होती, पण तिचा हात तुपाच्या वाटीवर नुसताच राहिला होता.

"चला," अंगद डोळे पुसत म्हणाला, "आमचं काम सोपं झालं. अण्णा, महिना संपला की नारळ फोडू मग रोडच्या रानात."

 गहिनीनाथांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"जावयाला उपाशी का म्हून आणलं गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

सत्यशीलानं नवऱ्याकडं बघितलं.

"काही नाही," सोमेश्वर म्हणाला, आणि या वेळी ते अगदी हवं होतं तसं निघालं. आता त्याचा काय उपयोग.

"तुमी जेवा, जावईबापू. तुमचं झालं." गहिनीनाथ लेकीकडं वळले. ते पूर्वी सरपंच होते, पण घरात आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "तेरा वर्षांची होतीस तवा तुला खेळायला पाठवा म्हणून मागायला कोण आलतं? पीटीचे मास्तर. नंतर ते पुण्याचे साहेब आलते. लग्नाच्या बैठकीत ही खेळणार म्हणून कोण बोललं? हे. आज पुन्हा ह्यांनाच पुढं केलंस. रविवारचा मी गायरानाला येऊन बसतो, तुला ठाऊक न्हाई. दिवसभर वरडतीस त्या लेकरांवर. तोंड उघडा, बॉल मागा, न मागता कोण देणार म्हणून. अन् तुला सोताला काय पाहिजे, ते माझ्या ह्या कानांनी आजवर एकदा बी ऐकलं न्हाई."

सत्यशीलानं वाटी खाली ठेवली. हजारो लोकांसमोर खेळलेली बाई. पण इतके थोडे लोक आणि इतके आपले, असं मैदान तिला कधी लागलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. भाऊ समोर बसला होता आणि अजून हसत होता. त्याचं हसू आता आपण पुसणार, हे तिला कळत होतं. ती आयुष्यभर या एका गोष्टीला घाबरून वळसा घालत आली होती.

"अण्णा, रोडच्या रानात मला माझा वाटा पाहिजे."

"सत्या," विमलबाई चटकन म्हणाल्या, "वाटा म्हणू नको बाई. नुसतं रान म्हण. वापरायला दे म्हण."

"न्हाई आई. वाटाच." तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "वापरायला घेतलं तर उद्या कोणीतरी उठ म्हणंल. पोरींच्या आईबापाला मी सांगणार, लेकरं माझ्याकडं ठेवा म्हणून. एकदा ठेवल्यावर मला त्यांना मधीच उठवता येणार न्हाई. मला माझ्या हक्काची जागा पाहिजे. सगळी नको. ग्राउंड बसंल एवढी, अन् शेड."

गहिनीनाथांनी एकवार अंगदकडं बघितलं. मग ते म्हणाले, "दिला. राहिलेलं अंगदचं. तिथं त्यानं मांडव घालावा न्हाईतर काय बी करावं."

अंगद उठला. त्यानं ताटाला हातही लावला नव्हता. काहीतरी बोलेल, चार शब्द सुनावेल, असं सगळ्यांना वाटलं, कारण न बोलता अंगद कुठूनही उठलेला कोणी बघितला नव्हता. तो चपला घालून मागच्या दारानं निघून गेला. सुनितानं हाक मारली तरी थांबला नाही.

सोमेश्वरनं पुढ्यातलं ताट सरकवलं. आता खरंच त्याच्या घशाखाली काही उतरेना. भूक लागली की येईल, जाऊ दे, असं विमलबाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरले होते. सत्यशीलानं भावाचं ताट उचललं आणि मागं गेली.

अंगद लिंबाखाली ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला होता. फोन हातात होता पण तो त्यात बघत नव्हता. ती ताट घेऊन शेजारी जाऊन उभी राहिली.  भावाबहिणीचं असं अबोला धरून बसणं लहानपणी रोजचं होतं. तेव्हा कारण पेरूचं असायचं.

मग तिनं आधी कोचगिरी करून बघितली. म्हणाली, दादा, यात तुझं नुकसान नाही. बहिणीला हौसेनं वाटा देणारा पुढारी तालुक्यात दुसरा दाखव. बायकांची मतं बघ किती फिरतात. मंगल कार्यालय प्रत्येक जण बांधतो.

"ते मला कळतंय," अंगद म्हणाला. "तुझ्याआधी कळलंय. चप्पल घालतानाच आलं डोक्यात."

"मग?"

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "मामाच्या घरी बघितलंस ना? मावशीनं वाटा घेतला. नंतर कोण कोणाच्या दारात गेलं? मामा मेला तर मावशी मातीला सुद्धा आली न्हाई. रानाचं मला काय वाटत न्हाई गं. तू वाटा म्हणालीस अन् मला एवढंच दिसलं, की आता ही यायची न्हाई." त्याचा मोठा आवाज कुठंतरी गेला होता. "जावयानं रुसून नेलं असतं तर मी हसत दिलं असतं. मला काय कळत नव्हतं का, उपाशी आणलेलं? मी मुद्दाम साखळी, मोटारसायकल म्हणून त्यांना पुढं ढकलत हुतो. अन् ह्या माणसानं धोंडा खाल्ला."

सत्यशीलाला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येऊ लागल्यावर तिनं ताट मडगार्डवर ठेवलं. एवढ्या मोठ्या खेळात तिला आपल्या बाजूचा एक गडी दिसलाच नव्हता.

"मी कुठं जाणार हाय दादा," ती म्हणाली. "दसऱ्यापासून तुझ्या डोळ्यासमोरच."

"ते तू कोच म्हणून. मी बहिणीचं बोलतोय." अंगदनं नाक पुसलं आणि ताट मांडीवर ओढलं. "एक सांगून ठेवतो. वाटा घेतलास, घे. पण त्यानं साडी चुकली असं समजू नको. भाऊबीजेला दरसाल घेतो तशी यंदा बी घेणार. तू एक नेसत न्हाईस, सगळ्या कपाटात पडल्यात, ठाऊक हाय मला. ट्रॅकसूट घालून ओवाळतीस. तरी घेणार."

 सत्यशीलानं पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले.

"घे," ती म्हणाली. "यंदा नेसते."